मोडेल तेव्हा सांगणारं यंत्र : प्रस्तावना

आजच्या बहुतेक मध्यमवर्गीय मराठी घरांत एक डिजिटल अडगळ असते. लग्नाच्या डीव्हीडी असतात, पण त्या चालवायला प्लेअर उरलेला नसतो. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढून ठेवलेली हार्ड डिस्क असते. बारशाचे फोटो असलेला जुना फोन असतो, त्याची बॅटरी फुगलेली असते. आजोबांच्या वहीचं स्कॅन एका पेनड्राइव्हवर असतं, आणि तो पेनड्राइव्ह नेमका कुणाकडे आहे यावर दोन काकांचं एकमत होत नाही. उरलेलं सगळं गूगलच्या खात्यात. २०१५ पासून गूगल फोटोजमध्ये ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ती सोय थांबली, नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले, आणि साठवणीलाही भाडं असतं हे बऱ्याच घरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अडगळ आणि भाडं यांच्यापलीकडे तिसरा मार्ग आहे. घराच्या एका कोपऱ्यात, राउटरच्या शेजारी, चोवीस तास चालू राहणारा एक छोटा कॉम्प्युटर. त्यात दोन ते सहा डिस्क, आणि घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्याला जोडलेले. जाणकार त्याला नॅस म्हणतात, या पुस्तकात त्याला घरचा सर्व्हर म्हटलं आहे. तो चालू कसा करायचा हे सांगणारं साहित्य भरपूर आहे. तो कोणत्या भागांनी बांधावा म्हणजे दहा वर्षं त्याच्यावर विसंबता येईल, याची चर्चा मराठीत जवळजवळ झालेलीच नाही. न मोडणारा भाग कुणीच विकत नाही. मोडायला लागलोय हे वेळेत सांगणारा, मोडताना शेजाऱ्याला सोबत न नेणारा आणि आपल्याला बाजारात जाऊन बदलता येणारा भाग मात्र मिळतो, आणि भरवसा ठेवायचा तो अशा भागावर, ही या पुस्तकाची भूमिका आहे.

या विषयाला सत्तर वर्षांची पार्श्वभूमी आहे. १९५६ साली आयबीएमच्या रामॅक यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, सुमारे एक टन वजन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आजच्या फोनवरचा एखादा फोटो त्यात जेमतेम मावला असता. पुढची तीस वर्षं जास्त साठवण हवी असेल तर जास्त मोठी आणि जास्त महाग डिस्क घ्यायची, हाच रिवाज होता. त्याला धक्का दिला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी. पर्सनल कॉम्प्युटरसाठी बनणाऱ्या स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका अवाढव्य डिस्कचं काम जास्त वेगाने करता येईल, असं त्यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडलं. त्यातला धोकाही त्यांनीच दाखवला: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी मरण्याची शक्यता जास्त. म्हणून काही जागा जादा माहितीसाठी राखायची आणि तिच्या आधारे मेलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा उभा करायचा. या रचनेला रेड म्हणतात. आज दोन डिस्कांच्या घरगुती डब्यातसुद्धा हीच कल्पना राबते.

डिस्क एकत्र आल्या, पण त्या घरातल्या सगळ्यांना दिसणार कशा? सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये युनिक्सच्या जगासाठी एनएफएस आणलं होतं, पण ते विद्यापीठांचं आणि प्रयोगशाळांचं साधन होतं. घरोघरी विंडोज होती आणि तिची फाइल देण्याघेण्याची भाषा वेगळी होती. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास केबलमधून जाणाऱ्या संदेशांचं निरीक्षण करून ती भाषा उलगडली. त्यातून सांबा हे मोफत सॉफ्टवेअर उभं राहिलं. घरच्या सर्व्हरचा जन्म मी तिथे मानतो. कारण कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरभर फाइल वाटण्याचा परवाना तेव्हा सामान्य माणसाला मिळाला.

२००५ हे वर्ष या क्षेत्रात फार महत्त्वाचं. त्या वर्षी फ्रान्समधल्या ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीनॅस सुरू केलं: पेनड्राइव्हवरून चालू होणारी आणि ब्राउझरमधून हाताळता येणारी पूर्ण प्रणाली. त्याच वर्षी सनने झेडएफएस ही फाइल सिस्टिम सर्वांसाठी खुली केली. झेडएफएस प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, वेगळा जपून ठेवते आणि वाचताना पडताळून पाहते. तोपर्यंत डिस्कने चुकीचा मजकूर बिनबोभाट परत दिला तर बहुधा कुणालाच कळत नसे, रेडलासुद्धा नाही. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, तरी खुली झालेली प्रत जगभरच्या प्रोग्रामरांनी चालू ठेवली आणि २०१३ पासून ती ओपनझेडएफएस या नावाने वाढते आहे. फ्रीनॅसचं आजचं रूप म्हणजे ट्रूनॅस.

मायक्रोसॉफ्टनेही या वाटेवर पाऊल टाकलं होतं. २००७ चा विंडोज होम सर्व्हर कल्पनेने फार सुंदर होता. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क कोंबा, घरातले सगळे कॉम्प्युटर रात्री आपोआप बॅकअप घेतील. पण डिस्क एकत्र बांधणाऱ्या त्याच्या यंत्रणेत दोष निघाला. सर्व्हरवरची फाइल तिथल्या तिथे बदलली तर काही वेळा ती खराब होई. दुरुस्ती यायला जुलै २००८ उजाडला आणि २०११ च्या आवृत्तीतून ती यंत्रणाच काढून टाकली गेली. ज्या यंत्राचं एकमेव काम फाइल जपणं, त्यानेच फाइल बिघडवाव्यात, हा धडा या क्षेत्रातले लोक अजून विसरलेले नाहीत.

हार्डवेअरच्या बाजूने मात्र सगळ्यात मोठी उडी एचपीच्या एका साध्या डब्याने मारली. २०१० मध्ये आलेला प्रोलायंट मायक्रोसर्व्हर एन३६एल छोट्या कार्यालयांसाठी होता. रुंदी २१ सेंटिमीटर, उंची आणि खोली २६-२७ सेंटिमीटर, चार डिस्कांचे कप्पे, १.३ गिगाहर्ट्‌झचा मंद एएमडी प्रोसेसर. आतल्या बाजूला एक यूएसबी पोर्ट, म्हणजे प्रणाली पेनड्राइव्हवर ठेवून चारही कप्पे साठवणीला मोकळे. आणि मुख्य म्हणजे चूक पकडणाऱ्या, म्हणजे ईसीसी, रॅमची सोय. ब्रिटनमध्ये कंपनीने त्यावर शंभर पौंडांचा परतावा देऊ केला आणि कार्यालयांपेक्षा घरांमध्येच तो जास्त शिरला. एन४०एल, एन५४एल आणि २०१३ चा जेन८ ही त्याची पुढची भावंडं. त्यांतले कितीतरी डबे अजून चालू आहेत. वेगाच्या कसोटीवर त्यांना कुणी पहिला नंबर दिला नसता. पण झाकण एका हाताने उघडायचं, मदरबोर्ड बाहेर सरकायचा, स्क्रू आणि पाना दाराच्या आत टांगलेले असायचे. घरचा सर्व्हर कसा असावा याची मोजपट्टी या डब्याने घालून दिली आणि या पुस्तकातली रचनाही तिच्याच जवळपास जाते.

आज या क्षेत्रात चार पंथ आहेत, आणि त्यांच्यातली भांडणं कधी कधी वारकऱ्यांच्या फडांना लाजवतील अशी असतात.

पहिला पंथ तयार डब्यांचा. तैवानच्या सिनॉलॉजी (२०००) आणि क्यूनॅप (२००४) या कंपन्यांनी तो रुजवला. डबा घ्या, डिस्क घाला, अर्ध्या तासात काम सुरू. ज्यांना स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा नाही त्यांना मी अजूनही हाच मार्ग सुचवतो. पण इथे मालकी अर्धीच असते. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेतल्या यंत्रांत स्वतः मान्य केलेल्या डिस्कच चालतील अशी अट घातली आणि ग्राहकांच्या रोषानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती बरीच सैल केली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डब्यांवरचा मजकूर कुणीतरी इंटरनेटवरून पुसून टाकला, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरची देखभाल काही वर्षांपूर्वीच थांबली होती. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅपच्या इंटरनेटला उघड्या असलेल्या डब्यांवरच्या फाइल कुलूपबंद केल्या. तयार डबा वाईट असतो असा याचा अर्थ नाही. त्याचं आयुष्य कंपनीच्या उत्साहाइतकं असतं, एवढाच अर्थ.

दुसरा पंथ झेडएफएसवाल्यांचा: भाग आपण निवडायचे, प्रणाली ट्रूनॅस किंवा साधं लिनक्स. इथे शिस्त कडक. डिस्क सारख्या आकाराच्या हव्यात, आधी ठरवलेली रचना नंतर सहज बदलत नाही. आधीच्या संचात एक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएसमध्ये यायला जानेवारी २०२५ उजाडला, यावरून कल्पना यावी. तिसरा पंथ अनरेड आणि स्नॅपरेडवाल्यांचा. प्रत्येक डिस्कवर तिची स्वतंत्र फाइल सिस्टिम असते आणि एका वेगळ्या डिस्कवर सगळ्यांची पॅरिटी, म्हणजे मेलेली डिस्क पुन्हा उभी करणारी जादा माहिती. डिस्क कुठल्याही आकाराच्या चालतात, आणि अगदी वाईट दिवस आला तरी उरलेल्या डिस्क कुठल्याही लिनक्स कॉम्प्युटरला लावून वाचता येतात. सिनेमांच्या संग्रहाला ही रचना उत्तम. कुटुंबाच्या कागदपत्रांसाठी मला चेकसमवाली रचना बरी वाटते, आणि पुस्तकात तीच घेतली आहे.

चौथा पंथ, खरं तर पंथ कमी आणि सवय जास्त: जुना ऑफिसचा कॉम्प्युटर किंवा मिनी पीसी घ्यायचा आणि यूएसबीने बाहेरच्या डिस्क लोंबकळत ठेवायच्या. शिकायला हे चांगलं. पण ताण आला की यूएसबीचा धागा क्षणभर सुटतो, डिस्क नाहीशी होऊन परत उगवते, आणि रेडच्या दृष्टीने ती तेवढ्यात मेलेली असते. फोटो त्यावर ठेवू नयेत.

आता भागांकडे. पुस्तकाचा मोठा हिस्सा इथेच खर्ची पडला आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

डिस्कच्या पाकिटावर दहा लाख तासांचं सरासरी आयुष्य छापलेलं असतं. म्हणजे ११४ वर्षं. त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. २००७ साली एकाच परिषदेत दोन अभ्यास सादर झाले. एक कार्नेगी मेलनच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा (रेडच्या निबंधातले तेच गिब्सन), दुसरा गूगलच्या अभियंत्यांचा. दोन्हींत लाखाच्या घरातल्या डिस्कांची नोंद होती. वर्षाला डिस्क बदलाव्या लागण्याचं प्रमाण छापील आकड्यांवरून निघणाऱ्या एका टक्क्याऐवजी अनेक ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं. गूगलच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी मरण्याआधी तापमान सोडता एकाही स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) काही दाखवलं नव्हतं. २०१३ पासून आपल्या डिस्कांचे आकडे जाहीर करणाऱ्या बॅकब्लेझ या साठवण कंपनीचं वार्षिक प्रमाण अलीकडच्या वर्षांत १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान आहे. म्हणजे डिस्क सुधारल्या आहेत, पण इशारा मिळेलच असं धरून चालता येत नाही. कुठली कंपनी चांगली, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याचं खरं उत्तर असं की चार डिस्क घेणाऱ्या माणसाला कंपनीच्या सरासरीचा फारसा उपयोग नसतो. त्या चार एकाच खोक्यातून, एकाच दिवशी बनलेल्या नसाव्यात, याचा उपयोग जास्त.

डिस्कची जात मात्र पाहायलाच हवी. जास्त मजकूर मावावा म्हणून एसएमआर पद्धतीत चुंबकीय पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण मेलेल्या डिस्कची जागा नवी घेते आणि तिच्यावर सलग लिहिणं सुरू होतं तेव्हा अशी डिस्क गुदमरते, आणि झेडएफएस तिला नापास करून बाहेर काढू शकते. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (लाल) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच जातीच्या होत्या, आणि तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्कांना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं.

जुनी डिस्क नवी म्हणून गळ्यात मारली जाण्याचा धोका वेगळाच. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत अशा सीगेट डिस्कांचं प्रकरण बाहेर आलं. स्मार्ट नोंदी पुसून शून्यावर आणलेल्या, पण आतल्या दुसऱ्या नोंदवहीत हजारो तासांचा वापर तसाच. त्यांतल्या बऱ्याचशा क्रिप्टो-चलनाच्या खाणकामातून आल्या असाव्यात अशी शंका होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सौदा करताना कुठल्या दोन नोंदी ताडून पाहायच्या, ते पुस्तकात आहे. रिफर्बिश्ड डिस्क घेऊच नयेत असं माझं मत नाही. रिफर्बिश्ड म्हणून, त्या किमतीला आणि लेखी वॉरंटीवर जरूर घ्याव्यात.

रॅमबद्दल या क्षेत्रात धर्मयुद्ध चालतं. २००९ मध्ये श्रोडर यांनी गूगलच्या अभियंत्यांसोबत केलेल्या पाहणीत वर्षभरात सुमारे ८ टक्के रॅमपट्ट्यांमध्ये किमान एक दुरुस्त करता येण्याजोगी चूक सापडली. त्या चुका दिसल्या, कारण ती ईसीसी रॅम होती. साध्या रॅममध्ये त्या झाल्याच असत्या, फक्त दिसल्या नसत्या. ईसीसीशिवाय झेडएफएस वापरलं तर सगळा साठा नष्ट होतो ही वदंता खोटी आहे. झेडएफएसच्या मूळ रचनाकारांपैकी मॅथ्यू अहरेन्स यांनीच सांगितलं आहे की या फाइल सिस्टिमला ईसीसीची इतरांहून वेगळी गरज नाही. तरीही मी ईसीसीच्या बाजूचा आहे, कारण चूक झाली हे कळावं यासाठीच तर एवढा खटाटोप. एक सावधगिरी: डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये आतल्याआत एक दुरुस्ती असते, तिला दुकानदार ईसीसी म्हणून खपवतात. प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात झालेली चूक ती पकडत नाही आणि कुणाला कळवतही नाही.

सगळ्यात दुर्लक्षित भाग एसएमपीएस. चालू असताना ३.५ इंची डिस्क ५ ते ९ वॅट घेते, पण तबकड्या फिरायला लागण्याच्या क्षणी १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर क्षणभर शंभर वॅटच्या आसपास. लॅपटॉपच्या चार्जरवर चालणारा सुबक डबा नेमका इथे दगा देतो. लक्षणंही फसवी असतात. डिस्क खराब झाल्यासारखी वाटते, बदलली की नवीही तशीच वागते, आणि दोष डिस्कमध्ये नसतोच. एका मोलेक्स जोडणीतून दोन-तीन साटा काढणाऱ्या स्वस्त अखंड साच्यातल्या जोडण्या तर वितळून पेट घेतल्याची उदाहरणं आहेत.

आणि काही वेळा दोष असा असतो की तो कुणालाच टाळता आला नसता. इंटेलचा अॅटम सी२००० हा २०१३ चा प्रोसेसर घरच्या सर्व्हरसाठी जणू मुद्दाम घडवला होता: आठपर्यंत गाभे, ईसीसी, अगदी कमी वीज. २०१७ च्या सुरुवातीला समोर आलं की त्याचा एक घड्याळी संकेत काळानुसार क्षीण होत जातो, आणि एके दिवशी यंत्र सुरूच होत नाही. कितीतरी नामांकित डबे आणि मदरबोर्ड त्यात अडकले. काही हौशी मंडळींनी बोर्डावर एका रोधकाला डाग देऊन आपली यंत्रं जगवली. मुद्दा असा की अशा दिवशी ज्यांच्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही मदरबोर्डला लावून वाचता येत होत्या, त्यांचं फक्त मदरबोर्डचं नुकसान झालं. डिस्कांना आपल्याशीच बांधून ठेवणारी हार्डवेअर रेड कार्डं या पुस्तकात नाहीत, त्यांचं कारण हेच.

छोटेपणाचा हट्ट कशासाठी, असाही प्रश्न आहे. मोठं कॅबिनेट स्वस्त, थंड आणि काम करायला सोपं. पण आपल्या घरांत चोवीस तास चालणारी वस्तू हॉलमध्ये किंवा झोपायच्या खोलीतच राहणार. ती आवाज करायला लागली की पंधरा दिवसांत कुणीतरी बंद करतं, आणि बंद पडलेला सर्व्हर बॅकअप घेत नाही. १७ सेंटिमीटर बाजूचा चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणला आणि छोट्या डब्यांचा मार्ग मोकळा झाला. किंमत मोजावी लागते ती विस्ताराची. पीसीआय-एक्स्प्रेसचा एकच स्लॉट, बहुधा चारच साटा पोर्ट. तो एक स्लॉट वेगवान नेटवर्कसाठी वापरायचा की जादा डिस्कांसाठी, हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. विजेचा हिशेबही याच बाजूने झुकतो. सरासरी ४० वॅट घेणारं यंत्र वर्षाला ३५० युनिट खातं. दहा रुपये युनिट धरलं तर साडेतीन हजार रुपये.

परदेशी पुस्तकांत न सापडणारे प्रश्न इथे सुरू होतात. मेमध्ये नागपूर किंवा जळगावच्या खोलीत हवाच चाळिशीला टेकलेली असते. नॅसच्या डिस्कांची कमाल मर्यादा बहुधा ६० ते ६५ अंश असते, आणि बंद छोट्या डब्यात खोलीपेक्षा दहा-बारा अंश जास्त सहज होतात. म्हणून पंखा आवाजासाठी निवडायचा की उन्हाळ्यासाठी, हा वाद महाराष्ट्रात उन्हाळ्याने जिंकायला हवा. कोकणात आणि गोव्यात दमटपणा आणि खारी हवा. तिथे बंद कपाटात पडून राहिलेल्या डिस्कपेक्षा चालू, कोमट यंत्रातली डिस्क बरी.

वीज जाण्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे: घरी इन्व्हर्टर आहे, मग काळजी कशाला? एटीएक्स मानकाप्रमाणे एसएमपीएसने वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरायचा असतो. इन्व्हर्टरची मागची कळ यूपीएसवर असेल तर तो बहुधा तेवढ्यात बदल करतो, नाहीतर नाही. आणि बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही. तीन तासांनी दोघं एकदम कोसळतात. यूएसबीची तार असलेला छोटा यूपीएस आणि नट हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर सर्व्हर वेळेत स्वतः बंद होतो. इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावायचा की नाही, लावला तर कुरकुर का होते, याला पुस्तकात स्वतंत्र जागा दिली आहे. बाहेरून गच्चीवरून येणाऱ्या लॅन केबलमधून वळवात शिरणारी वीज हाही आपल्याकडचा खास विषय.

बऱ्याच भारतीय इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. लोक यावर वैतागतात. मला ही इष्टापत्ती वाटते. डेडबोल्टने गाठलेले डबे इंटरनेटला थेट उघडे होते. २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेल्या वायरगार्डच्या आधाराने, बाहेरच्या एखाद्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत, घराबाहेरून सुरक्षितपणे आत येता येतं, आणि घरचं एकही दार उघडं ठेवावं लागत नाही.

इतकं सगळं करूनही रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. चोरी, आग, पाण्याची गळकी टाकी यांच्यापुढे पॅरिटी निरुपयोगी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम अजून बदललेला नाही: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. हा नियम मराठी कुटुंबांना खरं तर सोपा जायला हवा. एक भाऊ पुण्यात, बहीण नाशिकला, मुलगी न्यू जर्सीत. दोन घरांत दोन छोटे सर्व्हर एकमेकांची कुलूपबंद प्रत रात्री घेत राहिले तर कुणालाही दरमहा भाडं द्यावं लागत नाही. अडचण तांत्रिक नसते. ताईच्या घरी चोवीस तास चालणारा डबा ठेवायला भाऊजींची परवानगी मिळवावी लागते, आणि त्यावर या पुस्तकाकडे उपाय नाही.

हे सगळं आत्ताच का? एक कारण साठ्याचा आकार. फोनचा कॅमेरा ४के व्हिडिओ घेतो आणि एका लग्नाचं चित्रीकरण शेकडो जीबी भरतं. दुसरं कारण सॉफ्टवेअर: इमिच, जेलीफिन, नेक्स्टक्लाउड यांसारख्या मोफत प्रणालींमुळे घरच्या सर्व्हरवरचे फोटो आता फोनवर तितक्याच सहजतेने दिसतात, चेहऱ्यावरून शोधताही येतात. पाच-सात वर्षांपूर्वी घरच्यांना हे पटवणं अवघड होतं. तिसरं कारण आपलं स्वतःचं. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फाँटांत टाइप झाला. दिवाळी अंक, स्मरणिका, कुलवृत्तान्त, गावोगावच्या संस्थांचे अहवाल. त्यांतल्या कितीतरी फाइल आज उघडल्या की विचित्र चिन्हं दिसतात. बाइट शाबूत, अक्षरं गायब. कुठलाही चेकसम हे पकडू शकत नाही. पण फाइल जिवंत असेल तरच ती युनिकोडमध्ये आणता येईल, आणि हे काम करू शकणारी, त्या फाँटांची रचना ठाऊक असलेली पिढी आता साठीकडे झुकली आहे. म्हणून साठवणीच्या पुस्तकात फाइलच्या स्वरूपांवरही लिहिलं आहे. काही वाचकांना ते विषयांतर वाटेल, वाटो.

पुस्तकात एकच यंत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधलं आहे: चार डिस्क, मिनी-आयटीएक्स, ईसीसी, झेडएफएस. प्रत्येक भागाशी थांबून दुसरा पर्याय का घेतला नाही ते सांगितलं आहे, म्हणजे वाचकाला वेगळा रस्ता धरायचा असेल तर तो डोळसपणे धरता येईल. किमतींची यादी नाही, कारण छापून होईपर्यंत ती शिळी होते. २०११ च्या थायलंडमधल्या पुरानंतर डिस्कांचे भाव कसे उसळले होते ते ज्यांना आठवतं, त्यांना वेगळं सांगायला नको. दहा गिगाबिटचं नेटवर्क, घरात अख्खं रॅक, आभासी यंत्रांचं जंगल हे सगळं जाणीवपूर्वक वगळलं आहे. त्यात मजा खूप आहे, पण फोटो जपण्याशी त्याचा संबंध कमी. वाचकाला लिनक्स येत असावं अशी अपेक्षा नाही. कॉम्प्युटरचं झाकण उघडून रॅमची पट्टी बदलण्याइतकं धैर्य मात्र हवं.

बांधणी झाल्यावर लगेच फोटो टाकायला सुरुवात करू नये. आधी डिस्कांची कसून चाचणी, मोठ्या डिस्कांना त्यात आठवडाही लागतो. मग रिकाम्या यंत्रावर काही निरुपयोगी फाइल टाकायच्या, यंत्र बंद करून एका डिस्कची केबल काढायची, पुन्हा सुरू करायचं, आणि यंत्राने फोनवर तक्रार पाठवली की नाही ते पाहायचं. नसेल पाठवली, तर आधी ते दुरुस्त करायचं. हा प्रयोग पुस्तकाच्या शेवटी आहे, पण वाचकांनी तो पाठ करून ठेवावा. यंत्रात घरच्यांचे फोटो गेले की तो करायला हात धजावत नाही.